माळ्यावरचा नंदी खाली आला

पोळा जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. एरवी गुडघेदुखी, पित्त आणि मूळव्याध यांविषयी विचारणारे वाचक अचानक लाकडी बैलांविषयी विचारू लागतात. "घरी आजोबांच्या वेळचा नंदी आहे, तो सॅनिटायझरने पुसला तर चालेल काय?" "जुना रंग खरवडून नवा ऑइलपेंट द्यायचा आहे, लहान मुलाला बाधणार नाही ना?" मागच्या वर्षी चोरखमाऱ्याच्या एका सुनेचे पत्र आले. त्यात चारच ओळी होत्या. सासूबाई जुन्या नंदीशी बोलत बसतात, त्याला कोणाला हात लावू देत नाहीत, याला काही औषध आहे काय?

२०२० च्या आधी असे एकही पत्र मला आल्याचे आठवत नाही. जुन्या खेळण्याला आपल्याकडे कोणी विचारतच नव्हते.

तान्हा पोळा ही आपल्या विदर्भाची खास गोष्ट. नागपूरच्या दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांनी, मोठ्यांच्या पोळ्यात मुलांचीही हौस व्हावी म्हणून लाकडी बैलांचा हा पोळा सुरू केला असे सांगतात. वर्धा जिल्ह्यातील सिंदी रेल्वे येथे तर माणसापेक्षा उंच नंदी निघतात. आपल्या धानाच्या पट्ट्यात मात्र नंदी हातभर लांबीचा. पाटीवर उभा, खाली चार चाके, पुढे दोरी, शिंगांना बेगड. रोवणी आटोपलेली असते, बांध्यांत धान हिरवेगार असते. पाडव्याला सकाळी नारबोद गावाबाहेर नेऊन टाकायची, खोकला, ताप, डास, सगळी रोगराई तिच्याबरोबर जा म्हणून ओरडायचे, आणि सायंकाळी मुलांनी नंदी ओढत घरोघर जाऊन बोजारा मागायचा. रोगराई हाकलणे आणि खेळणे एकाच दिवशी यावे हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटत आला आहे.

पण त्या नंदीचे पुढे काय होई? मूल मोठे झाले की तो माळ्यावर जाई. धाकटे भावंड आले तर खाली येई, नाही तर तिथेच वाळवीच्या तोंडी पडे. पाय मोडला की चुलीत. गेल्या वीसेक वर्षांत शहरातले जुन्या वस्तूंचे व्यापारी गावोगाव फिरू लागले. पितळेची समई, लाकडी पाट, दाराची चौकट यांच्याबरोबर नंदीही दोन-तीनशे रुपयांत उचलून नेऊ लागले. देणाऱ्याला वाईट वाटत नसे. जागा मोकळी झाली असेच वाटे.

२०२० चा पोळा

२५ मार्च २०२० पासून देश बंद झाला. त्याआधीच नागझिऱ्याचे पर्यटन थांबले होते. तिरोडा तालुक्यातील चोरखमारा आपल्या वाचकांना तलावामुळे आणि अभयारण्याच्या प्रवेशद्वारामुळे ठाऊक आहे. या दारावर गाइड, जिप्सीचालक, चहावाले यांची बरीच चूल अवलंबून. ती बंद पडली. नागपूर, रायपूर, हैदराबादकडे कामाला गेलेली पोरे मे महिन्यात मिळेल त्या वाहनाने, काही तर पायी परतली. शाळा बंद. अशात १८ ऑगस्टला पोळा आला. बैल भरवायचे नाहीत, तोरण बांधायचे नाही, ज्याने त्याने घरीच पूजा करायची, असे आदेश होते. नागपुरात १८८१ पासूनची काळी मारबत आणि १८८५ पासूनची पिवळी मारबत, पण त्या वर्षी त्यांची नेहमीची मिरवणूक निघाली नाही. रोगराई हाकलण्याची मिरवणूक रोगराईमुळेच थांबली!

बाजार भरत नव्हता, म्हणजे नवा नंदी मिळणार नव्हता. मुले तर हट्ट धरून बसलेली. तेव्हा घरोघरची माणसे माळ्यावर चढली. धूळ झटकून जे खाली आले त्यात कोणाच्या बापाचा नंदी होता, कोणाच्या आजोबांचा. चोरखमाऱ्यात एका घरच्या सपरीत मी ओळीने पाच नंदी मांडलेले पाहिले आहेत. घरचे वडीलधारे प्रत्येकाची हकिगत सांगतात. हा अमक्या वाढईने सागाच्या एका तुकड्यातून कोरला, ह्याचे शिंग तलावाकाठी दगडावर आपटून तुटले. त्या वर्षापासून ते नंदी माळ्यावर परत गेलेच नाहीत. गाडीतून येणारा पर्यटक आता दोन हजार रुपये देऊ करतो, तरी देत नाहीत.

हा बदल एका गावापुरता नाही. गोंदियातली चाळिशीतली मंडळी आपल्या शाळकरी वयातले प्लॅस्टिकचे सैनिक शोधू लागली. एमआरएफ आणि अमेरिकेची हॅस्ब्रो यांनी मिळून १९८७ मध्ये फनस्कूल काढली. तिने भारतात जी. आय. जो नावाचे बोटभर उंचीचे सैनिक काढले होते. त्यांचे रंग मूळ अमेरिकन सैनिकांपेक्षा वेगळेच असत. त्यामुळे परदेशी संग्राहक त्यांच्या मागे असतात हे आपल्याला फार उशिरा कळले. घरात कोंडलेल्या काळात मोबाइलवर ही खरेदी-विक्री वाढली. "पोरखेळ" म्हणून ज्याला हसत त्याला आता "कलेक्शन" म्हणतात. माझ्या एका परिचिताच्या पत्नीने नवऱ्याच्या कपाटातील सैनिक मोजून दाखवले, आणि किंमत ऐकून मीच खुर्चीवर बसलो.

ही कसली ओढ?

संकटात माणूस जुन्याकडे का वळतो, हा वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून पडलेला प्रश्न आहे. १६८८ मध्ये योहानेस होफर या स्विस वैद्याने घरापासून दूर राहणाऱ्या तरुणांच्या झुरण्याला 'नॉस्टॅल्जिया' हे नाव दिले आणि त्याला रोग ठरवले. झोप उडते, अन्न जात नाही, छाती धडधडते. उपाय एकच, घरी पाठवा. पुढे दोनशे वर्षे तो रोगच मानला गेला. आजचे मत उलट आहे. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ सेडिकिडीस आणि विल्डशुट व त्यांचे चिनी सहकारी यांनी २००८ मध्ये दाखवून दिले की एकटेपणा आला की माणसाला जुने दिवस आठवतात, आणि त्या आठवणींमुळे 'आपल्याला आपली माणसे आहेत' ही जाणीव वाढते. म्हणजे ही ओढ रोग नसून शरीराला ताप यावा तशी मनाची स्वतःला सावरण्याची धडपड आहे. महामारीच्या पहिल्याच वर्षी जगभर चिंता व नैराश्याचे प्रमाण २५ टक्क्यांनी वाढले, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले. तेव्हा एखाद्याने माळ्यावरचा बैल काढून उशाशी ठेवला तर नवल नाही.

आता त्या सासूबाईंविषयी. पत्र मिळाल्यावर तिरोड्याला कामासाठी जाणे झाले तेव्हा मी वाट वाकडी करून गेलो. वय सत्तरीच्या आसपास, अंगाने काटक, चालणे-बोलणे व्यवस्थित. यजमान वाढई होते. एप्रिल २०२१ च्या लाटेत ते गेले. दवाखान्यात नेले ते परत दिसलेच नाहीत, अंत्यविधी तिकडेच झाला. घरी आला तो फक्त कागद. नंदी त्यांनी थोरल्या मुलासाठी कोरलेला, पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा. असेच आणखी दोन होते. ते महामारीच्या आधी आजींनीच स्वतःच्या हाताने व्यापाऱ्याला दिले होते. हा तिसरा माळ्यावर मागच्या बाजूला राहिला म्हणून वाचला.

"हा त्यायच्या हातचा आहे, डाक्टर," त्या म्हणाल्या. "पैसे घेऊन का करू?"

मी त्यांना झोपेविषयी, जेवणाविषयी विचारले. झोप येते. पहाटे उठून सडा-सारवण करतात. शेजारणींकडे जातात, लग्नाकार्याला जातात. संध्याकाळी दिवा लावताना नंदीच्या पाठीवरून हात फिरवतात आणि दिवसभराचे चार शब्द त्याला सांगतात. ते नंदीला नसतात, यजमानांना असतात, हे त्यांना पुरते ठाऊक आहे. सुनेला बाहेर घेऊन मी सांगितले की याला औषध नाही, कारण हा आजार नाही. ज्या माणसाचे तोंड शेवटचे पाहता आले नाही, त्याच्याशी बोलायला काहीतरी लागते. कोणाला फोटो लागतो, कोणाला काठी, कोणाला चष्मा. आजींना नंदी मिळाला.

मात्र सगळेच दुःख असे शहाणे नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीत 'लांबलेले दुःख' हा स्वतंत्र विकार नोंदलेला आहे. माणूस जाऊन सहा महिने उलटले तरी दिवसचे दिवस दुसरे काही सुचत नाही, जेवण-झोप-काम सुटते, गेलेला परत येईल असे वाटत राहते किंवा आपणही जावे असे बोलणे सुरू होते, तर थांबू नये. शासनाची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते. साठवण्याचीही अशीच एक रेघ आहे. वस्तू मांडून ठेवणे, त्यांची हकिगत सांगणे, चार समानशील माणसे जोडणे हा छंद झाला. काहीच टाकवत नाही, चालायला वाट उरत नाही, घरच्यांपासून लपवून उधारीवर खरेदी चालते, तिथे तो विकार होतो. माझ्या परिचिताच्या सैनिकांचे काय, असे वाचक विचारतील. ते अजून छंदाच्या बाजूला आहेत, पण कपाट दुसरे घेतले आहे.

शिंग चघळणारा नातू

चोरखमाऱ्याच्या त्या घरात माझे लक्ष वेधले ते मात्र दुसऱ्याच गोष्टीने. दीड वर्षाचा नातू नंदीजवळ उभा राहून त्याचे शिंग मजेत चघळत होता. दात येण्याचे वय. घरचे कौतुकाने पाहत होते. आजी कोणाला हात लावू देत नाहीत, हा नियम नातवाला लागू नव्हता! नंदीवर रंगाचे निदान सहा-सात थर होते, कारण दर पोळ्याला वर नवा हात मारायची रीत. शिंगाच्या टोकाशी पोपडे निघून खालचा पिवळा आणि त्याखालचा शेंदरी रंग दिसत होता.

जुन्या तैलरंगांत, विशेषतः पिवळा, केशरी, तांबडा यांत शिसे असते. पिवळ्यात ते क्रोमेटच्या रूपात असते. आणि ज्याला आपण शेंदूर म्हणतो तो पारंपरिक शेंदूर तर शिशाचाच भस्म-प्रकार आहे. नंदीला देव मानून कपाळाला, शिंगांना शेंदूर फासायची चाल आपल्याकडे आहेच. घरगुती रंगांत दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक शिसे नसावे, असा नियम भारतात २०१६ मध्ये झाला व १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या अनेक रंगांत याच्या कित्येक पट शिसे सापडलेले आहे. म्हणजे जो नंदी जितका जुना, जितका मोलाचा, तितका त्याचा रंग संशयास्पद.

शिशाची काही संयुगे चवीला गोडसर असतात, त्यामुळे मूल पोपडे थुंकत नाही, गिळते. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या अंगी थोडेच लागते, लहान मुलाच्या अंगी त्याच्या चार-पाच पटीने. ते रक्त बनू देत नाही, हाडांत साठते आणि वाढत्या मेंदूवर परिणाम करते. पोटात दुखणे, शौचाला घट्ट होणे, चिडचिड, भूक मंदावणे, पुढे शाळेत लक्ष न लागणे ही लक्षणे. पण बहुतेक मुलांत काहीच दिसत नाही, आणि हीच खरी अडचण आहे. शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी नाही असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी जुलै २०२० मध्ये, म्हणजे आपण सारे कोरोनाच्या आकड्यांत बुडालेलो असताना, जगातील प्रत्येक तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे असल्याचा अहवाल दिला. त्यात भारतातील मुले २७ कोटींहून अधिक आहेत. ही सगळी खेळण्यांमुळे नव्हेत. जुन्या बॅटऱ्या गाळण्याचा धंदा, भेसळीची हळद, काही भांडी अशी कारणे आहेत. पण घरातले कारण आपल्या हाती असते.

नातू फिकट होता. आपल्या जिल्ह्यात फिकट मूल म्हटले की आधी सिकलसेलचा विचार करावा लागतो, म्हणून ती तपासणी केली, ती निर्दोष निघाली. लोह कमी होते. रक्ताचा नमुना नागपूरला पाठवला. शिसे पाचाच्या थोडे वर आले. घाबरण्यासारखे नाही, दुर्लक्ष करण्यासारखेही नाही. शिसे बाहेर काढणारी औषधे ४५ च्या वर लागतात. त्याखाली एकच उपचार, मूल आणि शिसे यांची ताटातूट. शिवाय लोह व कॅल्शियम पुरेसे मिळाले की आतडे शिसे कमी शोषते. म्हणून लोहाचे थेंब, शेंगदाणे कुटून गुळाबरोबर, नाचणी, दूध, पालेभाजी, आणि जेवणापूर्वी साबणाने हात. नंदी खांबावरच्या फळीवर चढला. आजींनी ते काम स्वतः केले, मला वाद घालावा लागला नाही. मुलाने बापाची हत्यारे काढून सागाच्या ढलपीतून नवा, बिनरंगाचा नंदी केला. तो फारसा देखणा नाही. तीन महिन्यांनी आकडा पाचाच्या खाली आला होता.

आता पत्रांना उत्तरे. सॅनिटायझरने पुसू नका. त्यातील अल्कोहोलने जुना रंग सुटतो, हाताला लागतो, आणि दिव्याजवळ भडका उडण्याचे भय वेगळे. २०२० मध्ये आपण भाजीपासून खेळण्यापर्यंत सारे फवारत होतो ते त्या वेळच्या माहितीनुसार ठीक होते. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने सांगितले की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून कोरोना होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी असते. ओलसर फडके पुरे. ते फडके वेगळे ठेवावे.

रंग खरवडू नका. सँडपेपरने कोरडे घासणे तर सर्वांत वाईट. तो धुरळा श्वासातून जातो, अंगणात, गोधडीत, मुलाच्या हातावर बसतो. रंगवायचाच असेल तर जुन्या थरावर शिसेमुक्त लिहिलेल्या रंगाचा हात द्यावा आणि तरीही तो शोभेलाच ठेवावा. नव्या नंदीला गेरू बरा. हळद लावायची तर घरी दळलेली.

गरोदर स्त्रीने या कामाच्या जवळपास जाऊ नये. शिसे वारेतून गर्भापर्यंत पोचते.

प्लॅस्टिकची जुनी खेळणी जमवणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठातील डॉ. अँड्र्यू टर्नर यांनी सुमारे २०० वापरलेली खेळणी तपासून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. पिवळ्या, तांबड्या व काळ्या तुकड्यांत शिसे, कॅडमियम यांसारखे घातक पदार्थ वारंवार आढळले. कपाटात ठेवा, पाहा, मित्रांना दाखवा. पाळण्यात देऊ नका. सैनिकाचे सुटे हात, बंदुका, टोप्या तर लहान मुलाच्या श्वासनलिकेच्या मापाच्याच असतात.

शेवटचा प्रश्न एका वृद्ध वाचकाचा आहे. वाळवीने खाल्लेल्या, मोडलेल्या नंदीचे काय करावे? पूर्वीसारखा चुलीत घालू नये. रंगातले शिसे काही धुरात जाते, बाकीचे राखेत राहते, आणि राखेने आपण भांडी घासतो, ती वांग्या-मिरच्यांच्या वाफ्यात टाकतो. तलावातही सोडू नये. जाड पिशवीत बांधून ग्रामपंचायतीच्या वा नगरपरिषदेच्या सुक्या कचऱ्यात द्यावा. देवाची वस्तू कचऱ्यात कशी द्यायची असे ज्यांना वाटते, त्यांनी बैलाची चाके, दोरी आणि बेगड काढून पूजेत ठेवावे आणि लाकूड तेवढे द्यावे. धातूची चाके असतील तर नव्या नंदीला लागतात.